आईचा की आईकडून

भोपाळ,
११ जुलै २००६

ती. सौ. लीलाताईस,
वैजूचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे तिच्या मर्जीने चालतात. श्याम कारखान्यातून आले की आधी पंख्याखाली आडवे होतात, मग माणसात येतात. टाउनशिपमध्ये नळाला पाणी सकाळी पाऊण तास. तेवढ्यात कपडे, भांडी, अंघोळी आणि शेजारणीशी भांडण, सगळं उरकायचं. मला हल्ली जरा मळमळतं. पित्त असेल.

नव्या नोकरीचं तू दोनदा विचारलंस. शाळेतली संस्कृतची जागा गेली तेव्हा तूच लिहिलं होतंस, की आता नुसती रूपं चालवून कोण पगार देणार? तर देताहेत! बिट्टन मार्केटच्या मागे एका बंगल्यात दातारसरांचं ऑफिस आहे. सर ग्वाल्हेरचे, जीवशास्त्राचे. परदेशातल्या कुठल्याशा प्रकल्पासाठी एक प्रोग्राम तयार करताहेत. जगभरच्या शास्त्रज्ञांनी अवयवांच्या, पेशींच्या, आजारांच्या नावांच्या लांबच लांब याद्या केल्या आहेत म्हणे. कॉम्प्युटरला ती नावं म्हणजे नुसती अक्षरं. आमचा प्रोग्राम नावाची फोड करतो आणि त्यातून व्याख्या लिहितो, की ही गोष्ट कुठल्या जातीची आणि त्या जातीतल्या बाकीच्यांहून वेगळी कशाने. आपण शाळेत समासाचा विग्रह करायचो ना, तेच. फक्त हजारो नावांचा आणि इंग्रजीतून. मला जीवशास्त्र येत नाही, सरांना विग्रह येत नाही, म्हणून आमचं जमलं.

यंत्र तसं बावळटच आहे. 'नाइट ब्लाइंडनेस' हे नाव घातलं, तर त्याने लिहिलं: रात्रीला आलेला आंधळेपणा. रात्र आंधळी झाली म्हणे! 'रिव्हर ब्लाइंडनेस'मध्ये नदीचे डोळे गेले. मग मी नियम लिहून द्यायचा, की बाबा रे, इथे षष्ठी नको, सप्तमी घे, आंधळेपणा रात्रीचा नाही, रात्रीत येणारा आहे. सरांना समजवायला मी आपलं शाळेतलंच उदाहरण दिलं. राजपुत्र म्हणजे राजाचा पुत्र, ही षष्ठी. चोरभय म्हणजे चोरापासून भय, ही पंचमी. चोरभयाला षष्ठी लावली, तर चोरच घाबरलेला निघेल. सर इतके हसले की चहा सांडला. कधी कधी यंत्र एकाच नावाच्या दोन फोडी काढून पडद्यावर ठेवतं. मग मी एकीवर टिक करायची, दुसरी खोडायची. सबीहा म्हणून एक भोपाळचीच मुलगी आहे, जीवशास्त्रात पीएच.डी. केलेली. ती पंधरवड्यातून एकदा माझ्या टिका तपासते.

आता पमूचं. मानेतली गाठ परत आली हे वाचून फार वाईट वाटलं. सहा महिने क्षयाच्या गोळ्या तोंड वाकडं न करता घेतल्या पोरीने, आणि पुन्हा तेच. तुमचा डॉक्टर भला दिसतो. या वेळी दोन महिने इंजेक्शनं द्यायची, पण त्यांनी कधी कधी कानाला इजा होते, आणि आईबाप दोघांनाही ऐकू येत नाही, तर तुमचा बहिरेपणा कसला ते कळेपर्यंत तो थांबलाय, हे त्याने बरंच केलं. दत्तूभावजींचं जन्मापासूनचं आहे. तुझं मी आईला विचारलं. ती म्हणाली, तापात गेले कान, ताप फार वाईट होता. एवढं सांगून ती आत निघून गेली.

मग मी आमच्या याद्यांत पाहिलं. तसं एक नाव आहे खरं: 'मॅटर्नल ड्रग-इंड्यूस्ड डेफनेस'. त्याची फोड अशी, की औषधाने आलेला आईचा बहिरेपणा. म्हणजे आई झालेल्या बाईला होणारा. तुझे कान तर अकराव्या वर्षीच गेले, आणि पमू चौदा वर्षांची. तेव्हा आपल्या घराशी त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांना सांग, घराण्यात चालत आलेलं काही नाही, बहिणीने कॉम्प्युटरवर पाहिलं आहे. हे पत्रच दाखव हवं तर. इंजेक्शनं सुरू करू देत. गाठ वाढायला नको.

आईने लोणच्याची बरणी तुझ्या नावाने बाजूला ठेवली आहे. कोणी तुमच्याकडे खंडव्याला येणारं भेटलं की पाठवते. कारखान्यातले एक गृहस्थ महिन्याकाठी येतात, पण ते वाटेत बरणी उघडतील अशी आईला शंका आहे.

पमूला पापा. भावजींना नमस्कार.

तुझी,
वैजू


भोपाळ,
२७ जुलै २००६

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तार मिळाली असेल. मिळाली नसेल, तर हे पत्र इथेच ठेव, ऊठ आणि पमूचं इंजेक्शन थांबव. पुढचं नंतर वाच.

तुमच्या शेजारच्या शांतारामकाकांच्या दुकानात मी लागोपाठ सात वेळा फोन लावला. नुसती टूं टूं. एक्स्चेंजवाला म्हणाला, खंडव्याकडच्या लाइनी वादळात बसल्या आहेत. मग रिक्षा करून तारघरात गेले. 'पमूचं इंजेक्शन लगेच बंद करा पत्र येत आहे' एवढंच हिंदीत लिहून दिलं. तारबाबूने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "किसके यहाँ हो गया, बहनजी?" मी म्हटलं, "अभी नहीं हुआ."

काय झालं ते सांगते. आज सबीहा माझ्या टिका तपासायला बसली. ती हसत हसत म्हणाली, "वैजयंती दीदी, ये तो उल्टा हो गया. माँ को नहीं होता, माँ से आता है." मी विचारलं, कुठलं? तिने पडद्यावर बोट ठेवलं. तेच नाव होतं, ताई. आईचा नाही. आईकडून आलेला. षष्ठी नाही, पंचमी.

ती सांगत होती आणि मी ऐकत होते. आईकडून मुलांना येतं, सगळ्या मुलांना, मुलगा असो की मुलगी. पुढे मुलींकडून त्यांच्या मुलांना. मुलग्यांकडून पुढे जात नाही. आणि नुसतं असून काही होत नाही. माणूस शंभर वर्षं ऐकत राहतं. फक्त त्या जातीची इंजेक्शनं दिली की कान जातात. कधी महिन्याने, कधी चार-दोन इंजेक्शनांतच. मी विचारलं, कुठली इंजेक्शनं? तिने जी नावं घेतली त्यातलं पहिलंच पमूच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. तू मला पाठवलेल्या चिठ्ठीवर.

सबीहाला मी आपल्या घरचं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "इतनी सी बात है दीदी, बस वो इंजेक्शन मत लगवाओ, ज़िंदगी भर कुछ नहीं होगा."

घरी येऊन आईला समोर बसवलं. या वेळी सोडलं नाही. ती म्हणाली, ताप आठव्या दिवशी उतरला होता. तरी कंपाउंडर घरी येऊन सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायचा, अकरा दिवस. तो म्हणाला होता, आता पुरे. आईनेच हात जोडून सांगितलं, की कोर्स पुरा करा, पोर पुन्हा तापायला नको. मला त्यातलं एवढंच आठवतं, की तू बरी होऊन पहिल्यांदा शाळेला निघायची होतीस. कारखान्याचा सातचा भोंगा झाला. सगळ्या क्वार्टरांतून सायकली निघाल्या, आणि तू दारात वेणी घालत तशीच उभी होतीस. आई आतून ओरडली, भोंगा झाला ना गं! तू मागे वळून पाहिलं नाहीस. आईने येऊन तुला खांद्याला धरून फिरवलं. मी पाच वर्षांची होते. मला वाटलं, ताई रुसली आहे.

आणि बाळकृष्णमामा. सॅनिटोरियममधून बरा होऊन आला तो बहिरा होऊन आला. सगळे म्हणायचे, क्षयाने कान खाल्ले. आईचा सख्खा भाऊ. आजीकडून दोघांना आलं. आईला कधी ते इंजेक्शन लागलं नाही, म्हणून सत्तराव्या वर्षी तिला शेजारच्या क्वार्टरमधली कुजबुज ऐकू येते. आईकडून तुला. तुझ्याकडून पमूला.

ताई, तुमच्या घरात दूधवाल्याची घंटा पमू ऐकते. कुकरच्या शिट्ट्या ती मोजते. बँकेत, दवाखान्यात, दुकानात तुम्हा दोघांच्या वतीने तीच ऐकते आणि हातांनी तुम्हाला सांगते. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तुला लिहिलं, की सुरू करू देत.

यंत्र चुकलं आणि मला जीवशास्त्र येत नसल्यामुळे ते माझ्या लक्षात आलं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे.

किती झाली? फक्त आकडा कळव. तुझं कार्ड येईपर्यंत मी जेवत्ये असं म्हणायचं, बस. आई सारखं विचारते, काय झालं, आणि मी ऑफिसचं काहीतरी सांगते. डॉक्टरांना हे पत्र दाखव. सबीहाकडून मी घरचं नाव न घेता इंग्रजीत एक कागद लिहून घेतला आहे, तोही जोडला आहे, तो त्यांना कळेल. गाठीवर दुसरी औषधं असतात, ती मागून घे.

मी यायला हवं होतं, पत्र लिहीत बसायला नको होतं. मला भीती वाटते. कशाची ते लिहीत नाही.

वैजू


भोपाळ,
५ ऑगस्ट २००६

ताई,

दोन.

काल पमूने शांतारामकाकांच्या दुकानातून फोन करून तुझा प्रश्न विचारला, त्याचं हे उत्तर. "मावशी, आई विचारतेय, कॉम्प्युटरने एकच फोड दिली होती की दोन?" तू माझं पहिलं पत्र नीट वाचलंस. तू सगळंच नीट वाचतेस.

यंत्र चुकलं नव्हतं. दोन्ही ओळी पडद्यावर एकाखाली एक होत्या. वरची, औषधाने आलेला आईचा बहिरेपणा. खालची, आईकडून आलेला, औषधाने होणारा बहिरेपणा. मी दोन्ही वाचल्या. मला जीवशास्त्र येत नाही हे खरं. पण पंचमी म्हणजे काय ते मला येतं. मामा पुरुष होता, तो कुणाची आई नव्हता, हेही मला तेव्हा, त्याच खुर्चीवर आठवलं होतं. ती दुसरी ओळ मी खोडली. दुपारचे साडेतीन वाजले होते, सबीहा नमाजाला आत गेली होती, सर डबा खात होते. कुणालाही विचारता आलं असतं.

का खोडली ते सांगते. मला पाचवा महिना आहे.

तुला कळवलं नाही. आधीच्या दोन्ही वेळी मी तुला पहिल्या आठवड्यात कळवलं होतं आणि दोन्ही वेळा तू विणायला घेतलेलं उसवावं लागलं. म्हणून या वेळी आई आणि श्याम सोडून कुणालाच सांगितलं नाही. अडतिसाव्या वर्षी हे आहे, ताई. पुन्हा होणार नाही. त्या दुपारी मी पडद्यावर वाचलं, आईकडून, आणि माझा हात पोटावर गेला. मला तुझी आठवण झाली नाही. पमूची झाली नाही. मला एवढंच वाटलं, की ही ओळ इथे राहिली तर ती माझ्याही बाळाला लागू होईल. आईचा असं असलं तर ते तुझ्यापाशी राहतं. म्हणून मी ते तुझ्यापाशी ठेवलं.

आणि असं केल्याने काही टळलंही नाही. बाळात जे असायचं ते आहेच. फक्त इंजेक्शन टाळायचं, इतकी सोपी गोष्ट होती. घाबरलेल्या माणसाला तेवढंही सुचत नाही. म्हणजे मला सुचलं नाही. उगाच 'माणसाला' कशाला म्हणू?

तुझं कार्ड परवा आलं. 'तार मिळाली. थांबवलं. पाच झाली होती. डॉक्टर आणखी आठ दिवस थांबू म्हणत होते. तुझं पत्र दाखवून मीच त्यांना सुरू करायला लावली.' तेवढंच लिहिलं आहेस. खाली सहीसुद्धा नाही. मी ते कार्ड आईच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. आज सकाळी काढलं आणि तिला वाचून दाखवलं. सगळं सांगितलं. अकरा दिवसांच्या इंजेक्शनांचंही. तिने तांदळाचा डबा बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे मीच." मी म्हटलं, आई, तुला माहीत नव्हतं. त्यावर तिने माझ्याकडे ज्या तऱ्हेने पाहिलं त्यावरून तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. मला मात्र माहीत होतं.

दातारसरांनाही सांगितलं. त्यांनी माझ्या गेल्या चार महिन्यांच्या टिका पुन्हा तपासायला काढल्या आहेत. एकूण तीन हजारांवर नावं आहेत. ते रागावले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. नोकरी राहील की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता पुढचं. इंदूरला कान तपासायची मोठी मशीन आहे. सबीहाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी अकराची वेळ दिली आहे. हे पत्र कारखान्यातल्या त्या गृहस्थांच्या हाती पाठवते आहे, म्हणजे उद्याच मिळेल. भावजींना सांग, तुम्ही तिघं सोमवारीच निघा. मी आणि श्याम भोपाळहून थेट तिथे येतो. मला बोलावलं नाहीस तरी येणार आहे. तू माझ्याशी हातांनी बोलू नकोस हवं तर. माझा चेहरा मात्र तुला दिसेल. आजवर पत्रंच लिहीत राहिले त्याचं एक कारण हेही असेल, की समोर असले की तू माझं खोटं पहिल्या क्षणी ओळखतेस. ओळख.

एक गोष्ट राहिली. ती पमूला सांगू नकोस. मंगळवारपर्यंत तरी नको.

काल फोनवर तिने तुझा प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर दिलं होतं. खरं उत्तर. मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, काय? मी परत म्हटलं, दोन. ती म्हणाली, "मावशी, जोरात बोल ना, काही कळत नाहीये." तिसऱ्यांदा सांगायचा मला धीर झाला नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटले. मी म्हटलं, लाइन खराब आहे गं राणी, मी पत्र लिहिते. आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. लाइन खराब नव्हती, ताई. फोनवर पमूच्या मागे दुकानात एक बाई तूरडाळ मागत होती. शांतारामकाका तिला म्हणत होते, ज़रा रुको बाई, दाल अंदर की बोरी में है. मग पोतं ओढल्याचा आवाज आला. इथे भोपाळमध्ये, माझ्या कानाला, शब्दन्‌शब्द येत होता.

लोभ असावा असं आज लिहवत नाही. फक्त कळावे.

वैजयंती